वरच्या पट्टीवरची रानमोडी

माझ्या चुलतभावाची बायको मैना, आमची मैनावहिनी. नाव मैना, आणि बाई दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर पुष्कळ. लग्न होऊन आली तेव्हा वाडीतल्या टवाळांनी यावरून तिला चिडवून पाहिलं. पण न चिडणाऱ्या माणसाला किती दिवस चिडवणार? शेवटी टवाळच कंटाळले.

ती बोलायची ती गुरांशी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आणि तिचा गोठा माझ्या पडवीला लागून. सकाळी शेण काढताना आदल्या दिवसाचं सगळं ती पवळी गाईला सांगायची. पोराचा फोन आला नाही, आमटी खारट झाली, भावजींचा खोकला अजून हटत नाही. माझ्या खोकल्याची चौकशी तिने माझ्याकडे कधी केली नाही, पण पवळीला रोजची खबर होती. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे मी बोलावं आणि इतरांनी ऐकावं अशी मला वाईट सवय लागली आहे. गोठ्याच्या भिंतीला मात्र मी निमूटपणे कान लावून बसायचो.

आमची बौद्धवाडी रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. घरं एकोणीस, त्यातल्या चौदांना कुलूप. जयंतीला कुलपं निघतात, चार दिवस विहारापुढे पाय ठेवायला जागा नसते, आणि पाचव्या दिवशी मी आणि वहिनी अंगणातले प्लास्टिकचे पेले गोळा करत असतो. माझी बायको गेली, मुलगी नाशकात असते. वहिनीचा नवरा बाबाजी जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा अमरदीप मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. तो मुंबईला असता तर मी काही बोललो नसतो. मुंबई लांब आहे, माणूस अडकतो. पण मिरजोळे! मोटारसायकलने पाऊण तास. तरी महिना महिना तो फिरकायचा नाही, आणि आला की एकच पालुपद लावायचा.

"आये, गुरं काढून टाक नि चल माज्यासंगती."

एकदा ती गेली होती. आठ दिवसांत परत आली. मी विचारलं, "काय झाला गो वयनी?"

"तिकडं बोलनार कोनाशी?"

"अगो, पोरगा हाय, सून हाय, सानवीसारखी नात हाय."

"हायत की. पन त्यांना येळ कुठाय?" एवढं बोलून ती गोठ्यात गेली आणि आठ दिवसांचं साठलेलं पवळीला सांगत बसली.

म्हणजे गुरं होती तोवर वहिनी वाडीत होती. हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्यात माझाही स्वार्थ होता. ती गेली असती तर उरलेल्या घरांत माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. तिची स्वतःची चार गुरं, आणि शेजारच्या तीन घरांची पाच, अशी नऊ गुरं ती राखायची. ती नऊ गुरं जगत होती वरच्या पट्टीच्या गवतावर.

सड्याकडे परका माणूस बघतो आणि म्हणतो, नुसता कातळ आहे, ओसाड आहे. उन्हाळ्यात आलात तर खरं वाटेल. पण कातळावर बोटभर, कुठे वीतभर माती असते आणि पावसाळ्यात तेवढ्यावर सगळा संसार उभा राहतो. आधी गवत, मग गेंदाची पांढरी बोंडं, डबक्यांच्या कडेने सीतेच्या आसवांची जांभळी फुलं, मग पिवळा कवला. भादव्यात पाऊल कुठे टाकावं कळत नाही. माझ्या लहानपणी वाडीची शंभरावर गुरं या सड्यावर सुटायची. ती आज इथे, उद्या तिकडे, सगळा सडा त्यांचा होता. कुठलंही गवत दोनदा तोंडात यायच्या आत वाढलेलं असायचं.

मग सड्यावर सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून ओतली आणि आंब्याच्या बागा झाल्या. प्रत्येक बागेला चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण आलं. गडग्यांच्या मधल्या जागेत रानमोडी शिरली. ही परदेशातून आलेली झुडपं. डोक्याएवढी वाढतात, चुरगाळली तर उग्र वास येतो, गुरं तोंड लावत नाहीत आणि खाली गवताची काडी उगवू देत नाहीत. तोडली तर बुडातून फुटतात, जाळली तर दुप्पट फुटतात. पौष-माघात त्यांना म्हातारीच्या कापसासारखं बी धरतं आणि वाऱ्यावर उडत जातं. मी शाळेत पोरांना शिकवत असे की हिरवं ते सगळं चांगलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

उरली ती वरची पट्टी. तीनेक एकर गावाची मोकळी जागा. तीन वर्षांपूर्वी दसऱ्यालाच तिथलं गवत संपलं. वहिनी विळा घेऊन गेली आणि एक भारासुद्धा न बांधता परत आली. गवताच्या जागी बऱ्याच ठिकाणी रानमोडीची रोपं उभी होती.

पुढच्या पावसाळ्यात माती ओली झाल्याबरोबर तिने उपटायला सुरुवात केली. गुरं चरत असायची आणि ती वाकून एकेक रोप मुळासकट काढायची. मीही जायचो, पण दहा रोपं काढली की माझी कंबर धरायची आणि मग मी कातळावर बसून सूचना करायचो. तिने त्या कधी ऐकल्या नाहीत.

त्याच ज्येष्ठात शमिका आली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी पोर, सड्यावरच्या झाडापाल्याची मोजदाद करायला आलेली. गोड बोलायची आणि चहाला नाही म्हणायची नाही. तिने पट्टीवर एके ठिकाणी दाराच्या फळीएवढा चौकोन काट्याकुट्याने आणि तारेने बंद केला. गुरांनी इथे तोंड घालायचं नाही, एवढंच वहिनीला सांगितलं. वहिनीने मान हलवली.

श्रावणात एक दिवस शमिका गडग्यावर चढून फोटो काढत होती. वरूनच तिने मला हाक मारली.

"काका, ही रानमोडी अशी ओळीत कशी काय आलीय? बिया वाऱ्याने आल्या तर विखरून यायला हव्यात ना?"

मीही चढलो. खरंच, पश्चिमेच्या घळीपासून खाली भाताच्या कुणग्यांपर्यंत, म्हणजे शेताच्या लहान तुकड्यांपर्यंत, रानमोडीची एक सरळ ओळ होती आणि तिच्यात तीन ठिकाणी दाट बेटं झाली होती. बाकीची रोपं त्या बेटांच्या आसपास पसरली होती. वहिनी खाली उपटलेल्या रोपांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिने त्या ओळीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान फिरवून पाहिलं, आणि गुरं वळवून घरी गेली. सूर्य अजून बराच वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून आवाज आला नाही. शेण काढल्याचा आला, बादलीचा आला, पण बोलणं नाही. दुपारी ती माझ्या पडवीत येऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्या पडवीत कधी बसलेली मला आठवत नाही.

"भावजी, ती माजी वाट हाय."

"कसली वाट?"

"रानमोडीची ओळ. मी भारे आनायची ती वाट."

आता इथे आमची भाजवळ सांगितली पाहिजे. भाताची रोपं करायची ती जागा आम्ही पावसाआधी भाजून घेतो. खाली शेण, वर झाडाच्या फांद्या, वर पालापाचोळा, त्यावर माती, आणि मग आग. त्याने तण मरतं आणि रोप जोमाने येतं. फांद्यांना आम्ही कवळं म्हणतो, आणि ती ऐनाची किंवा किंजळीची तोडायची ही जुनी रीत. पण ऐन गेले बागांच्या आत. मग बायकांनी रानमोडी तोडायला सुरुवात केली. फुकटची, हलकी, कितीही तोडा. तोडायची वेळ माघ-फाल्गुन, म्हणजे नेमकी बी धरलेली असते तेव्हा. कुणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर शिकलेला.

"सगळ्यांनीच आनली की गो," मी म्हणालो. "तू एकटीनं थोडीच?"

"बाकीच्या खालच्या रस्त्यानं जायच्या. हसत, बोलत. मला तेवडा बोलना जमायचा नाय. मी एकटीच वरनं यायची. वीस वरसा. डोईवरनं कापूस उडायचा तो मी बघायची. म्हनायची, काय छान उडतो ह्यो कापूस."

"वारा पन बी आनतो, वयनी."

"वारा सगळीकडं टाकील. मी तीन जाग्यांवर भारा टेकायची, नेमका तितंच कशाला टाकील?"

मला तिची दया आली आणि रागही आला, तिचा नाही, कुणाचा ते सांगता येत नाही. इतकी वर्षं एकटी चालली, आणि त्या एकटेपणाची ही अशी निशाणी राहिली. बाकीच्या बायकांच्या वाटेवर आता डांबर आहे, तिथे काही उगवलं तरी कुणाला कळत नाही.

त्या दिवसापासून ती झपाटल्यासारखी उपटायला लागली. पण उपटलेल्या जागी गवत येईना. नुसता लाल चिखल, आणि जोराची सर आली की तोही जाऊन खाली कातळ दिसायचा. भादव्यात शमिका परत आली आणि आम्ही तिघं त्या काट्याच्या चौकोनाजवळ गेलो. आत गुडघाभर गवत होतं, त्यात गेंद फुलले होते, एका कडेला कवला होता. चौकोनाबाहेर खुरांचे खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी.

शमिका बराच वेळ वहीत लिहीत बसली. तिला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. शेवटी मलाच म्हणाली, "काका, पूर्वी शंभर गुरं होती, पण सगळा सडा होता. आता नऊच आहेत, आणि एवढीच पट्टी आहे. गवताला उसंतच मिळत नाही. गुरं गवत खातात, रानमोडीला सोडतात, म्हणजे तिलाच जागा करून देतात. ओल्या मातीत खूर रुततात, उकरलेली माती वाहून जाते. ही बोटभर माती व्हायला किती काळ लागला असेल, मला नाही सांगता येणार."

वहिनी ऐकत होती. पवळी तिच्या पाठीमागे उभी राहून तिचा पदर चघळत होती.

दिवाळीनंतर एका दुपारी वहिनी म्हणाली, "भावजी, गुरं द्यायची."

मी भडकलो. माझा आवाज चढला की पूर्वी सगळी शाळा चिडीचूप व्हायची, पण वहिनीवर काही परिणाम झाला नाही. पावसात बांधून ठेव, मी म्हणालो. तर म्हणाली, घालू काय, गवत त्याच पट्टीचं. मग चरू दे, काय व्हायचं ते होवो, मी म्हणालो. तर तिने शांतपणे हिशोब सांगितला. दोन वर्षांत गवत संपेल, तेव्हा गुरं जायचीच आहेत. मग गुरंही नाहीत आणि पट्टीही नाही.

"आनि तू? तू काय करनार हितं?"

"रानमोडी काढीन. मी आनलीय, मीच काढनार."

"एकटी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. ती एकटी नव्हती असं मी कधी पाहिलं होतं?

शेजाऱ्यांची पाच गुरं तिने ज्याची त्याला परत केली. त्यांना निमित्तच हवं होतं, महिन्याभरात त्यांनी ती विकून टाकली. वहिनीची चार मात्र विकायची नव्हती, चांगल्या जागी द्यायची होती. माझ्या शाळेत शिपाई असलेला सदू संगमेश्वराकडे नदीकाठी राहतो. त्याचं स्वतःचं हिरवं रान आहे, गोठा पक्का आहे, आणि माणूस गुरांना शिवी देत नाही. वैशाखात त्याने टेंपो आणला. तिघी निमूट चढल्या. पवळी चढेना. वहिनी आधी आत चढली, मग तिच्यामागून पवळी चढली, आणि मग वहिनी दुसऱ्या बाजूने उतरली. ही फसवणूक तिने स्वतःच्या हाताने केली. टेंपो गेल्यावर ती गोठा झाडायला लागली.

त्याच रविवारी अमरदीप आला, बायकोला, म्हणजे तेजलला, घेऊन. दोघांनी घरात खाट रिकामी केली होती, आईसाठी नवी चादरसुद्धा घेतली होती. गुरं गेली म्हणजे आई येणार, असं तो धरून चालला होता, आणि तसं धरण्यात त्याचं काय चुकलं?

"आवर आये, पिशवी भर."

"मी नाय येनार."

"मंग गुरं कशाला दिलीस?"

"सड्यासाठी."

"सडा काय तुजा हाय?"

"नाय," ती म्हणाली.

अमरदीप तोंडाने फटकळ आहे, पण त्या वेळी त्याचे डोळे भरले होते. माज्यापेक्षा तुला झुडपं जवळची, असं काहीतरी पुटपुटला आणि तेजलला मागे बसवून गाडीला किक मारून गेला. मी त्याला इतकी वर्षं मनातल्या मनात दोष देत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचंही वाईट वाटलं.

तो पावसाळा मी विसरणार नाही. सकाळी भिंतीपलीकडे काही नाही. मी मुद्दाम मोठ्याने खोकून पाहिलं, तरी पलीकडे ती खबर सांगायला कुणी नव्हतं. वहिनी भाकरी बांधून वर जायची ती अंधारून आलं की उतरायची. हातांना रानमोडीचा वास, नखं लाल. शमिका शिक्षण संपवून पुण्याला गेली होती, तिचा कधी तरी फोन यायचा. माझ्या गुडघ्यांनी संप केला होता. म्हणजे वर तीन एकरांत ती एकटी, वाकलेली, आणि धुकं असलं की तीही दिसायची नाही.

भादव्यात मी काठी टेकत वर गेलो. पट्टी फुलली होती. सगळी नाही, कातळ उघडा पडला होता तिथे तो तसाच होता, आणि ओळीतल्या तीन बेटांपैकी एक अजून शिल्लक होतं. पण उरलेल्या जागेत गुडघाभर गवत, गेंद, आसवं, कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं तेवढं. मी म्हणालो, "वयनी, बघ गो काय केलंस!"

"बरा हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "खानारा कोन नाय." आणि परत वाकली.

कार्तिकात गवत कमरेला लागलं आणि नवीच काळजी उभी राहिली. वाळलेलं गवत उभं ठेवलं तर एखाद्या विडीने पेटतं, आणि जळालेल्या जागी सगळ्यांत आधी येते ती रानमोडीच. म्हणजे कापायला हवं होतं. गुरं असती तर हौसेने कापलं असतं. आता गोठा रिकामा, आणि ही बाई सोळा दिवस एकटी विळा चालवत होती. कडेला गवतात मिसळलेली एक एक रानमोडी ती वेगळी काढायची आणि बी धरायच्या आत पुरून टाकायची. भारे बांधले, त्यांची उडवी रचली, आणि मला म्हणाली, "सदूला फोन लावा."

सदूने टेंपो पाठवला, त्यात भारे चढवले. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, आणि तिला एकटीला कुठे सोडायचं म्हणून मीही चढलो. ती कधी नव्हे ती इस्त्रीची साडी नेसली होती. वाटेत तिने दोनदा विचारलं की पवळीला आवाज ओळखू येत असेल ना. मी म्हटलं, येणारच की, अकरा वर्षं ऐकलाय.

सदूच्या गोठ्यात पवळी तिसऱ्या दाव्याला होती. अंगाने भरली होती, कातडी चमकत होती. वहिनी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पवळे."

पवळीने मान हलवली, माशी उडवावी तेवढी. वहिनीने पुन्हा हाक मारली. मग तिने पाठीवर हात ठेवला आणि मी गोठ्याबाहेरून इतकी वर्षं ऐकलेल्या आवाजात हळूहळू सांगायला लागली, पट्टी कशी झाली, कापूस कसा येऊ दिला नाही, अमरदीप कसा रागावलाय. पवळी रवंथ करत होती. तेवढ्यात सदूच्या माणसाने आमच्या भाऱ्यातलं गवत आणून दावणीत टाकलं. पवळीने हुंगलं आणि एकदम ताठ झाली. मान वर करून अशी हंबरली की बाजूच्या तिघी उठून उभ्या राहिल्या. मग तिने तोंड खाली घातलं ते वर केलंच नाही. वहिनीचा हात मध्ये येत होता, तर तिने तो शिंगाने बाजूला सारला.

परतताना टेंपो रिकामा होता. ड्रायव्हरला सांगून आम्ही दोघं मागेच बसलो, वहिनीचाच हट्ट. फळीवर गवताच्या काड्या पडल्या होत्या, दाणे धरलेल्या. ती त्या एकेक वेचून पदरात घेत होती. वरच्या उघड्या कातळाच्या कडेला, जिथे थोडी माती आहे, तिथे टाकायच्या म्हणाली. रत्नागिरीकडे वळायचा हातखंब्याचा फाटा आला तरी ती वेचतच होती.

"मला वळखलान नाय, भावजी," ती म्हणाली. "गवत वळखलान."

मी तिचा हात धरला. आमच्यात असा हात धरायची पद्धत नाही, पण धरला. तिने थोडा वेळ तो तसाच राहू दिला, मग सोडवून घेतला आणि उरलेल्या काड्या वेचायला लागली.